मंगलाष्टका ऐकू येताहेत का?

पत्र :

ताई, मी सांगोला तालुक्यातला. वय २५, बी. कॉम. झालंय. चार वर्षं इथल्याच एका फोटो स्टुडिओत लग्नाच्या व्हिडिओंचं मिक्सिंग, म्हणजे एडिटिंग, करतो. एडियस सॉफ्टवेअरवर हात बसलाय, प्रीमिअरही जमतं. एका लग्नसराईत तीस-पस्तीस लग्नं निघतात. पण गेलं वर्षभर तीच गाणी, तीच स्लो मोशन, टायटलचे तेच रेडीमेड प्रोजेक्ट. मला मालिका, वेब सीरिज, डॉक्युमेंटरी करायच्या आहेत. पुण्यातल्या एका खाजगी संस्थेत 'अ‍ॅडव्हान्स्ड पोस्ट-प्रॉडक्शन'चा सहा महिन्यांचा कोर्स आहे. फी २ लाख ४० हजार, राहणं-खाणं वेगळं. बाबा म्हणतात, यंदा डाळिंबाचे बरे पैसे झालेत, भरून टाक. मला रात्रीची झोप लागत नाही. भरू का? की घरी बसूनच शिकू? आणि या वयात मुंबईत कोणी उभं करेल का? कोर्सचं माहितीपत्रक आणि मी केलेली एक हायलाइट फिल्म सोबत पाठवतोय. नाव छापू नका.

उत्तर :

नाव छापत नाही, निर्धास्त राहा. आणि आज तरी झोप लागावी म्हणून मुख्य गोष्ट आधीच सांगते. ती फी आत्ता भरू नकोस.

माहितीपत्रक मी दोनदा वाचलं. पहिला महिना प्रीमिअर, दुसरा आफ्टर इफेक्ट्स, मग कलर, मग साउंड, मग थ्रीडी, शेवटी शोरील, म्हणजे कामाचा नमुना. दर महिन्याला एक नवं सॉफ्टवेअर. पण तुझं अडलंय ते सॉफ्टवेअरपाशी नाही. शंभराहून जास्त लग्नं कापलेल्या मुलाला बटणं शिकायला इतके पैसे कशाला लागावेत? खाजगी संस्थांमध्येही जीव तोडून शिकवणारे लोक मी पाहिलेत, म्हणून एकदा तिथे जाऊन ये आणि तीनच गोष्टी विचार. सरावाला खऱ्या शूटचे किती तासांचे रशेस, म्हणजे न कापलेलं मूळ चित्रीकरण, देता? माझ्या शेजारी बसून माझा कट बघणारा आणि 'हे परत कर' म्हणणारा माणूस स्वतः सध्या कुठे एडिट करतोय? आणि एका मशीनवर किती मुलं बसतात? उत्तरं गोलमोल आली, तर पुढची एसटी पकडून घरी ये. बागेला एखाद्या वर्षी तेल्या रोग लागला की काय होतं, हे तुझ्या घरात कोणाला सांगायला नको. बाबांनी इतक्या मोकळ्या मनाने पुढे केलेला पैसा आहे, तो जपूनच खर्च व्हायला हवा.

आता 'अ‍ॅडव्हान्स्ड' या शब्दाकडे येते.

मी हे काम टेपवर शिकले. एका मशीनमध्ये रशेसची बीटाकॅम टेप, दुसऱ्या मशीनमध्ये कोरी टेप, मधे कंट्रोलर. इकडचा शॉट तिकडे उतरवायचा, मग त्याच्यापुढे दुसरा. दहा मिनिटं जोडून झाली आणि दुसऱ्या मिनिटातला शॉट दोन सेकंदांनी वाढवावासा वाटला, की त्याच्या पुढचं सगळं पुन्हा उतरवायचं. त्यामुळे शॉट लावण्याआधीच तो किती लांब हवा हे मनात पक्कं करावं लागायचं. माझे सीनिअर आधी कागदावर टाइमकोड, म्हणजे शॉटची नेमकी वेळ, लिहून आणायला लावायचे, आणि त्या कागदावर उजवीकडे एक रकाना असायचा : 'का?' हा शॉट का, इथेच का, एवढाच का. रकाना रिकामा असला तर मशीनला हात लावू द्यायचे नाहीत. तुझ्या टाइमलाइनवर हवं तितक्या वेळा मागे जाता येतं, ही सोय मला मनापासून आवडते. पण तो 'का'चा रकाना त्यात हरवला, आणि तुला वर्षभर जे टोचतंय ते हेच असावं असं मला वाटतं.

तुझी हायलाइट फिल्म पाहिली. हात स्वच्छ आहे, गाण्याच्या ठेक्यावर कट अचूक पडतात. तिच्यात अंतरपाट दूर होण्याचा क्षण आहे. वरून ड्रोन, मग क्रेन, मग हवेत तरंगणाऱ्या अक्षता स्लो मोशनमध्ये, आणि सगळ्यावर गाणं. सहा सेकंदांत संपतं. तेवढा भाग मी पुन्हापुन्हा पाहिला, तरी नवरीचा चेहरा माझ्या लक्षात राहिला नाही.

त्या क्षणाचे रशेस तुझ्याकडे नक्की असणार, कारण ट्रॅडिशनलचा, म्हणजे सगळे विधी टिपणारा, कॅमेरा तिथे सलग चालू असतो. तोच सीन आता असा लावून बघ. गाणं काढून टाक. मंगलाष्टकांचा खरा आवाज एका ट्रॅकवर सलग अंथर आणि तो कुठेही तोडू नकोस. 'तदेव लग्नं' सुरू झालं की मांडवातल्या प्रत्येकाला कळतं, आता संपत आलं. गप्पा थांबतात, वाजंत्रीवाले सरसावून बसतात. त्या वेळी चित्रात भटजी दाखवायची गरज नाही, ते ऐकू येताहेतच. तू मुठीत अक्षता घेऊन उभी असलेली आत्या दाखव. मूठ घट्ट होतेय, बोटांमधून दोन दाणे निसटताहेत. मग अंतरपाटाची कड धरलेला हात. मग नवरी, मान खाली, आणि तिच्यावर थांब. कट मारायला तुझी बोटं शिवशिवतील, तरी थांब. शेवटचं 'सावधान' तिच्या चेहऱ्यावर ऐकू येऊ दे, अंतरपाट सरकू दे, ती नजर वर उचलेपर्यंत कापू नकोस. त्यानंतर नवरा. चारच शॉट, वीस-बावीस सेकंद.

वाजंत्रीचा पहिला ठोका नवरीच्या चेहऱ्यावरच सुरू कर आणि वाजंत्रीवाले नंतर दाखव. पुढच्या शॉटचा आवाज असा आधी आला की त्याला जे कट म्हणतात. आधीच्या शॉटचा आवाज पुढच्या चित्रावर रेंगाळला तर तो एल कट. ही नावं कुठल्याही ट्युटोरियलमध्ये दोन मिनिटांत कळतात. तो ठोका नेमका किती फ्रेम आधी यावा, हे मात्र कानाला शिकवावं लागतं. आपल्याकडे टीव्हीसाठी सेकंदाला २५ फ्रेम धरतात, म्हणजे ५ फ्रेम हा सेकंदाचा पाचवा भाग. ५ फ्रेम आधी आणून ऐक, १० आधी, १५ आधी. पहिल्या दिवशी तिन्ही सारखेच वाटतील. पंधरा-वीस दिवसांनी त्यातला एकच बरोबर वाटेल, आणि का वाटतो ते सांगताही येईल. मी याला अ‍ॅडव्हान्स्ड म्हणते.

म्हणून पुढचे दोन-तीन महिने आवाजाला दे. तुमच्या कॅमेरामनला सांग, मांडव भरण्याआधी आणि खोलीत कोणी बोलत नसताना तीस सेकंद नुसता शांततेचा आवाज रेकॉर्ड कर. त्याला रूम टोन म्हणतात. संवाद कापल्यावर मधे पडणारे खड्डे त्याने बुजवतात. तो नसला की प्रत्येक कटवर पंख्याचा आवाज येतो-जातो आणि बघणाऱ्याला कारण न कळता खटकत राहतं. लाउडनेस मीटर, म्हणजे आवाज किती मोठा आहे ते मोजणारं साधन, वाचायला शीक. युरोपातल्या प्रसारणासाठीचं ईबीयू आर १२८ हे मानक उणे २३ एलयूएफएस (आवाजाच्या पातळीचं एकक) सांगतं, यूट्यूब साधारण उणे १४ च्या वरचा आवाज स्वतःच खाली ओढतं. वाहिन्या आणि ओटीटी कंपन्या आपापला तक्ता देतात, आणि त्यात न बसणारी फाइल क्यूसीतून, म्हणजे गुणवत्ता तपासणीतून, परत येते. लग्नाच्या कामात असा तक्ता कोणी देत नाही, म्हणून तो तू स्वतःलाच दे.

दुसरी गोष्ट शिस्तीची आहे. ती लिहिताना मला अजून जड जातं.

वीस वर्षांपूर्वी मी एका डॉक्युमेंटरीवर असिस्टंट होते. एका म्हाताऱ्या लोककलावंताची अडीच तासांची मुलाखत झाली होती. डेटा एका हार्ड डिस्कवर होता, दुसरी कॉपी कोणीतरी केली असेल असं मी धरून चालले, बाकीचेही तसंच धरून चालले. डिस्क टेबलावरून पडली. दुरुस्तीवाल्यांनी हात टेकले. पुन्हा मुलाखतीची तारीख ठरेपर्यंत ते गृहस्थ वारले. त्यांचा आवाज त्या फिल्ममध्ये नाही. विचारायला हवं होतं, आणि ते विचारणं माझं काम होतं.

तेव्हापासून माझा नियम आहे : तीन कॉपी, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. आणि कॉपी म्हणजे नुसतं ओढून टाकणं नव्हे, चेकसमने, म्हणजे दोन्ही फाइल तंतोतंत सारख्या आहेत का हे सांगणाऱ्या आकड्याने, तपासलेली कॉपी. दाविंची रिझॉल्व्ह या एडिट-कलरच्या सॉफ्टवेअरच्या मीडिया पानावर क्लोन टूल आहे, ते हे काम करतं. कार्ड फॉरमॅट करण्याआधी दोन ठिकाणी फाइल उघडून बघायची. लग्नाला रीटेक नसतो हे तुला माहीत आहेच. म्हणून मी लग्नाच्या कामाला कमी लेखत नाही, ते डॉक्युमेंटरीचंच काम आहे.

मालिकेच्या किंवा सीरिजच्या एडिट रूममध्ये असिस्टंटकडून पहिल्या दिवसापासून हीच अपेक्षा असते. डेटा घेणं, आवाज आणि चित्र सिंक करणं, रशेसना सीन-शॉट-टेकप्रमाणे नावं देणं, प्रॉक्सी, म्हणजे मूळ फाइल्सच्या हलक्या कॉपी, बनवणं. मग कट लॉक झाला, म्हणजे आता बदल नाही असं ठरलं, की साउंडवाल्यांना एएएफ आणि कलरवाल्यांना एक्सएमएल (टाइमलाइन दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेणाऱ्या फाइल्स) काढून देणं, सोबत टाइमकोड छापलेली रेफरन्स फाइल, आणि साउंडसाठी प्रत्येक क्लिपला पुढेमागे थोडे जास्तीचे फ्रेम, ज्यांना हँडल्स म्हणतात. लॉक झाल्यावर दिग्दर्शकाने एक शॉट बदलला तर खालच्या दोन्ही खात्यांचं काम सरकतं. तो बदल कळवणारा माणूसही असिस्टंटच. सरावासाठी एक लग्न घे आणि समज की कलर आणि साउंड दुसरी माणसं करणार आहेत. एडियस किंवा प्रीमिअरमधला लॉक कट रिझॉल्व्हमध्ये नेऊन तंतोतंत जुळवून दाखव. पहिल्यांदा निम्मे शॉट भलतीकडेच लागतील. ते का लागले हे शोधण्यात तुझा जो आठवडा जाईल, तो त्या कोर्समधल्या महिन्याला भारी असेल.

मामाच्या मोबाइलवरचे व्हिडिओ घेतोस तेव्हा आवाज हळूहळू ओठांच्या मागे-पुढे जातो ना? फोन ठरलेल्या फ्रेम रेटने रेकॉर्ड करत नाही, कमी-जास्त करतो. अशा फाइल्स आधी हँडब्रेक किंवा शटर एन्कोडरमधून एकसारख्या फ्रेम रेटवर काढून घे. दोन्ही मोफत आहेत. एडिटिंगसाठी प्रोरेससारखा कोडेक (व्हिडिओ साठवण्याची पद्धत) वापरलास तर मशीन हलकं चालेल, पण जागा ठेव : १०८०, २५ फ्रेमवर प्रोरेस ४२२ तासाला साधारण ५५ जीबी खातं.

कलरबद्दल एकच उदाहरण देते, कारण ते तुझ्या रोजच्या कामातलं आहे. हळदीचा कार्यक्रम. पडदे पिवळे, साड्या पिवळ्या, माणसं पिवळी. कॅमेरा ऑटो व्हाइट बॅलन्सवर असला की त्याला वाटतं उजेडच पिवळा आहे, आणि तो निळं ओतत राहतो. एका शॉटमध्ये हळद लिंबासारखी, दुसऱ्यात मोहरीसारखी, आणि एलईडीखाली गेलं की हिरवट. यावर तयार एलयूटी, म्हणजे रंगाचा रेडीमेड साचा, मारून काही होत नाही. आधी वेव्हफॉर्म, म्हणजे उजेडाचा आलेख, बघून सगळ्या शॉटची उजेडाची पातळी एक कर, मग एखादी खरंच पांढरी गोष्ट शोध, काकांचा सदरा किंवा टोपी, आणि तिच्यावरून रंग जुळव. व्हेक्टरस्कोप या रंगाच्या आलेखावर त्वचेची एक रेषा असते. माणूस गोरा असो वा सावळा, त्वचा साधारण त्या रेषेजवळ पडते. पण हळद लावलेला गाल त्या रेषेवर ओढायला गेलास तर हळदच धुऊन टाकशील. मोजमाप हळद न लागलेल्या जागी घे. मानेची मागची बाजू, दंड. गाल आपोआप जिथे पडायचा तिथे पडेल. एस-लॉग३ सारखं लॉग, म्हणजे मुद्दाम फिकट रेकॉर्ड केलेलं, फुटेज असेल तर ते आधी कलर स्पेस ट्रान्सफॉर्मने रेक ७०९ या टीव्हीच्या नेहमीच्या रंगमानकात आण, सजावट नंतर.

सॉफ्टवेअरचं थोडक्यात. घरच्या मशीनवर रिझॉल्व्ह टाक. २००९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ब्लॅकमॅजिक डिझाइनने दाविंची कंपनी विकत घेतली. जे आधी मोठ्या स्टुडिओंनाच परवडायचं, त्याची आज मोफत आवृत्ती मिळते. ती यूएचडी (४के) पर्यंत, सेकंदाला ६० फ्रेमपर्यंत फाइल काढून देते, तुला पुरून उरेल. कंपनीची शिकवणीची पुस्तकं सरावाच्या फुटेजसकट त्यांच्याच संकेतस्थळावर फुकट आहेत. ती पहिल्या पानापासून कर, इकडून तिकडून क्लिप बघत बसू नकोस. काही कॅमेऱ्यांच्या १० बिट फाइल्स मोफत आवृत्तीत नीट चालत नाहीत, त्या आधी प्रोरेस करून घे. रॅम किमान १६ जीबी लागेल. मशीनवर क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर असेल तर ते काढ. उद्या एखाद्या कंपनीचा डेटा तुझ्या हाती येईल तेव्हा ती पहिली चौकशी याचीच करेल.

आणि मराठी टायटल. हे मी प्रत्येकाला सांगते, कारण रोज पडद्यावर आपली भाषा मोडलेली दिसते. पहिली वेलांटी अक्षराच्या पलीकडे गेलेली, जोडाक्षरं फुटून पाय मोडलेली. प्रीमिअरमध्ये ग्राफिक्सच्या प्रेफरन्समध्ये टेक्स्ट इंजिन दक्षिण आशियाई लिपींसाठीचं निवडता येतं, ते निवड. जुन्या नॉन-युनिकोड फाँटमध्ये अडकू नकोस. मुंबईच्या एक टाइप या गटाने केलेले मुक्ता आणि बालू हे युनिकोड फाँट मोफत आहेत आणि देवनागरीत देखणे आहेत. नवऱ्या-नवरीचं नाव एकदा त्यांच्याच घरच्यांकडून वाचून घे.

शिक्षणच घ्यायचं मनात असेल, तर तुझ्याकडे बी. कॉम. आहे हे विसरू नकोस. पुण्यातच, प्रभात स्टुडिओच्या जागेवर १९६० साली सुरू झालेल्या एफटीआयआय या सरकारी चित्रपट संस्थेत संकलनाचा तीन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, आणि त्याला कोणत्याही शाखेची पदवी चालते. प्रवेश परीक्षा अवघड आहे, जागा थोड्या. पण संकलनासाठी चार राष्ट्रीय पुरस्कार मिळवणाऱ्या रेणू सलुजा तिथूनच शिकून बाहेर पडल्या. वर्षभर तयारी करून एकदा बसून बघ. पैसा आणि तीन वर्षं द्यायचीच असतील तर ती अशा ठिकाणी द्यावीत, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथले लहान मुदतीचे वर्गही असतात, त्यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेव.

मुंबईत उभं करतील का? करतील. २५ हे वय या कामात अजिबात जास्त नाही. अंधेरी पश्चिम, ओशिवरा, वीरा देसाई रोड या पट्ट्यात एडिटची ऑफिसं एकमेकांना चिकटून आहेत. डेली सोपवाल्यांना रात्रपाळीला असिस्टंट सतत लागतात, कारण एपिसोडची बँक, म्हणजे आधीच तयार ठेवलेल्या भागांचा साठा, संपत आली की मशीन बंद पडू देत नाहीत. काम कष्टाचं आहे, सुरुवातीला पैसे कमी, आणि पहिले सहा महिने तुला कट मारायला कोणी देणार नाही. तरीही वेगवेगळे एडिटर तोच सीन कसा लावतात हे शेजारी बसून बघायला मिळतं, आणि त्याला मी पैशांपेक्षा वर ठेवते. म्हणून बाबांना सांग, पैसे बँकेतच राहू देत. त्यातून रॅम, दोन चांगल्या हार्ड डिस्क, कान पूर्ण झाकणारे हेडफोन एवढंच आत्ता घे. उरलेले मुंबईतल्या पहिल्या सहा महिन्यांच्या भाड्या-डब्यासाठी.

शोरीलसाठी ठेक्यावर नाचणारे दीड मिनिटांचे तुकडे पाठवू नकोस. असे रील दिवसाला दहा येतात. दोन पूर्ण सीन पाठव, तीन-तीन मिनिटांचे, ज्यात माणसं बोलतात आणि गप्प बसतात. लग्नाचं फुटेज वापरशील तर त्या कुटुंबाला आधी विचार, ते त्यांच्या घरचं आहे.

आता काम. आधी सांगितलेला तो अंतरपाट, आणि त्याच लग्नातली पाठवणी, मिळून सहा मिनिटांची फिल्म कर. गाणं नाही, स्लो मोशन नाही, साध्या कटशिवाय ट्रान्झिशन नाही. प्रत्येक शॉटसमोर वहीत 'का?'चा रकाना भर. झाली की घरी आईला दाखव. तू पडद्याकडे बघू नकोस, आईकडे बघ. तिची नजर जिथे जिथे पडद्यावरून हलेल, तिथला टाइमकोड लिहून ठेव, काही न बोलता. मग फिल्म, वहीच्या पानांचे फोटो आणि ते टाइमकोड, तिन्ही मला पाठव. मी बघून उत्तर देईन.